वरचे चार दात

कोरपन्याकडे सिमेंटचा कारखाना उभा राहायच्या आधी एक साहेब माळावर हिंडत होता. एका दगडावर त्यानं बाटलीतून तेजाबाचे दोन थेंब टाकले. दगड फसफसला. गुरांमागची माणसं मागे सरली. साहेब म्हणाला, "चुनखडी आहे. पुष्कळ आहे."

*

आंबट पितळेत ठेवत नाहीत, कळकतं. भागीरथा निमगड्यांच्या घरी सासरी आली तेव्हा तिला स्वयंपाकातलं एवढंच पक्कं ठाऊक होतं.

*

क्लारनेटच्या तोंडाशी बसवलेली पत्ती वेताची. सुकी असली की किंचाळते, ओली झाली की गाते.

*

वाजवणाऱ्याला चिंच दाखवली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर फाटतो. हे चंद्रपूर जिल्ह्यात सावलीपासून माजरीपर्यंतच्या कोणत्याही शाळकरी पोराला पाठ असतं.

*

बँडच्या कोटांची मापं शिंप्यानं पौषात घेतली होती. कोट घालायचे वैशाखात.

*

खर्रा नाही, विडी नाही, गुडाखू नाही, मोहाची तर नाहीच नाही. लटारू निमगडेच्या तोंडात चाळिशी उलटेपर्यंत वाईट म्हणावं असं काही गेलं नव्हतं.

*

वैनगंगेच्या काठच्या एका गावात दोन वराती एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्या. साल चौऱ्याऐंशी, मे महिना, भर दुपार. दोन्हीकडचे पाहुणे डोक्यावर ओले दुपट्टे टाकून उभे राहिले. एका बाजूला ब्रह्मपुरीकडचा कुठलासा बँड, दुसऱ्या बाजूला सावलीची प्रभात बँड पार्टी. आता नवरदेव कितीही घामाघूम झाला तरी वरात हलणार नव्हती. आधी बँडांचा निकाल लागायचा होता.

प्रभातच्या पहिल्या ओळीत मधोमध लटारू. ज्याच्याकडे पहिलं क्लारनेट तो मास्तर. गाणं तो उचलतो, बाकीचे त्याच्या मागून येतात. त्याच्या उजव्या हाताला चैतू, दुसरं क्लारनेट. आणि बाजूला छडी घेऊन मालक गुणवंतराव. गुणवंतरावांना स्वतःला काहीच वाजवता येत नव्हतं, पण दुसऱ्याचं चुकलेलं मात्र सगळं ऐकू येत होतं.

समोरच्या बँडातला एक ढोलवाला पुढे आला. खिशातून लिंबू काढून त्यानं दातानं फोडलं, लटारूच्या नाकासमोर उभा राहिला आणि डोळे मिटून चटचट आवाज करत चोखायला लागला. मागची पोरं नाचायला लागली.

"सुटलं! मास्तरच्या तोंडाले पानी सुटलं!"

लटारूनं क्लारनेट खाली घेतलं.

"कोरडाच देता का भाऊ? मीठ नाई आनलं?"

ढोलवाल्याच्या हातातलं लिंबू त्यानं सहज घेतलं, तोंडात पिळलं, फोड चावून चावून चोथा रस्त्याच्या कडेला थुंकला आणि तीच ओली जीभ पत्तीवरून फिरवली.

"याले निंबू दाखवून राह्यला बे!" चैतू ओरडला. "हा मानूस निंबूच्या झाडाखालीच जलमला!"

लोक हसले, शिट्ट्या पडल्या. लटारूनं गाणं उचललं. दोन्ही वरातींतली माणसं त्याच्याकडे वळली. गाण्यात एक जागा होती, तिथे सूर उंच चढून टांगल्यासारखा राहायचा. त्या जागेसाठीच लोक प्रभात बँड बोलवत. लटारू चढला. आणि वरच्या समोरच्या दातातून एक कळ निघाली ती नाकाच्या बुडाशी जाऊन थांबली. तापलेली सुई घुसवावी तशी.

सूर सुटला.

चैतूनं तो खालच्या खाली झेलला. गर्दीला कळलं नाही. समोरचा बँड हरला आणि बाजूला झाला. गुणवंतरावांची छडी मात्र क्षणभर हवेत तशीच राहिली होती.

*

लग्नातल्या बँडवाल्यांना पाणी विचारत नाहीत, लिंबूपाणी विचारतात. पाणी काय, भिकाऱ्यालाही मिळतं. वरात ज्या चौकात थांबेल तिथल्या घरून लिंबाचं सरबत यायचं, नाहीतर बर्फात ठेवलेला गोटी सोडा, त्यात लिंबू पिळून. पैशाला मागेपुढे पाहणारी माणसं लिंबूफुलाचे खडे पाण्यात घालायची. ते तर लिंबाच्या वरताण आंबट. पहिला गिलास मास्तरचा. हा मान होता आणि लटारूला तो हवाच असायचा, कारण वैशाखाच्या उन्हात दोन गाणी फुंकली की तोंडाची भट्टी होते. लाळ आटते, ओठ पत्तीला चिकटतात. आंबट घेतलं की जिभेखाली झरा फुटतो. पोरांना वाटतं वाजवणाऱ्याचा शत्रू तो झरा. लटारू हसायचा. शत्रू कोरडेपणा.

म्हणून तो सरबत गटागट पीत नसे. तोंडात धरायचा, या गालातून त्या गालात, समोरच्या दातांमागे खेळवायचा, मग गिळायचा. पत्तीही त्याच गिलासात बुडवून काढायचा. दोन गाण्यांच्या मध्ये उरलेला सोडा घोट घोट. पंचवीस वर्षं, प्रत्येक उन्हाळा, लग्नामागून लग्न.

घरी आला की दात आंबलेले असायचे. भाकर चावत नसे. आंबलेपणा म्हणजे चिकटून राहिलेली घाण, अशी त्याची समजूत. मग तो चुलीतला कोळसा वाटून मीठ घालून, बोटानं नाही, बाभळीच्या काडीनं दात घासायचा. करकर आवाज येईपर्यंत. आंबलेले दात लवकर करकरतात. शेजारच्या दारुड्यांना, खर्रेवाल्यांना तो आरशातून दाखवल्यासारखा आपला जबडा दाखवायचा.

"हे पाय. अन् तुमचे पाय. विटा भाजून काढल्यावानी."

विटा भाजून काढल्यासारखे त्या खर्रेवाल्यांचे दात होते खरे. पण लांबीला पुरते होते.

*

"अवो," भागीरथा म्हणाली, "हासा जरा."

"काऊन?"

"हासा म्हनते ना."

लटारू हसला. सकाळचं ऊन दारातून सरळ त्याच्या तोंडावर पडत होतं.

"तुमचे समोरचे दात आरपार दिसून राह्यले. काचेवानी. त्यातून उजेड येऊन राह्यला."

"स्वच्छ आहेत म्हनून."

"स्वच्छ नाई, पातळ. नखावानी पातळ झाले. अन् चहा काऊन थंडा करून पेता आजकाल? मले दिसत नाई का?"

"तू दात पायते का चहा पायते?"

"तुमाले पायते," ती म्हणाली आणि परातीतलं पीठ मळायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "चंद्रपूरले दाताची डॉक्टरीन आहे म्हनतात. शेजारच्या गुलाबच्या सासूनं दाखोवलं तिथी."

"दात दुखत नाई. पत्ती खराब आहे."

त्यानं तोवर तीन पत्त्या बदलल्या होत्या. मुखपट्टीच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाच्या, वरच्या बाजूला, जिथे वरचे दात टेकतात तिथे, त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. त्यामुळे थरथर दातापर्यंत कमी पोचायची. क्लारनेट वाजवताना खालचा ओठ दातावर घडी घालून पत्तीखाली येतो, पण वरचे दात थेट मुखपट्टीवर टेकतात. वाद्य पेलायचं ते वरच्या समोरच्या चार दातांनी. घराचं आढं जसं भिंतीवर टेकतं तसं.

*

डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड बराच वेळ पाहिलं. त्यांच्या भिंतीवर एका मोठ्या दाताचं चित्र होतं, उभा कापलेला, आतली नस लाल.

"तंबाखू?"

"नाई जी."

"सुपारी, खर्रा?"

"कद्धी नाई."

"मग आंबट? लिंबू, चिंच, सोडा?"

लटारू सांगू लागला. सांगताना त्याला बरंच वाटत होतं, कारण कोणी इतकं विचारून घेत नाही. गिलास, गुळणी, पत्ती, चौकातलं थांबणं. बाई ऐकत होत्या.

"आणि दात कशानं घासता?"

"कोयसा अन् मीठ. वाजवून आलो की लगेच. आंबट काढून टाकतो ना जी."

बाईंनी हातातली सळई ट्रेमध्ये ठेवली.

"घरची भुई शेणानं सारवतात ना?"

"हो जी."

"सारवण ओलं असताना त्यावर कोणी खराटा फिरवतं का?"

"नाई. पोपडे निघतीन."

"दाताला वरून कवच असतं. शरीरात त्याच्याइतकं टणक दुसरं काही नाही. पण आंबट लागलं की ते काही वेळ ओल्या सारवणासारखं नरम पडतं. तसंच राहू दिलं तर लाळ त्याला पुन्हा थोडं घट्ट करते. तुम्ही ते नरम असतानाच खराटा फिरवला. रोज. वर कोळशाचा."

 लटारूला आपली बाभळीची काडी आठवत होती. ती तो मुद्दाम कडक निवडायचा.

"वाढंल का परत?"

"नाही. गेलं ते गेलं. नखासारखं ते उगवत नाही. आहे ते जपायचं. आंबट बंद. घ्यावंच लागलं तर तोंडात धरायचं नाही, गिळून टाकायचं, वरून साध्या पाण्यानं चूळ भरायची, आणि तासभर दाताला काही लावायचं नाही. कोळसा तर नाहीच."

"अन् हे समोरचे?"

"पहिले दोन नसेपर्यंत आलेत. बाजूचे दोन त्यांच्या मागं. काळजी घेतली तर काही वर्षं राहतील. जेवण करता येईल."

"जेवनाचं जमते जी. पेज पेता येते," लटारू म्हणाला. "वाजवायचं सांगा."

बाईंनी चित्रातल्या दाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ते मला नाही सांगता येणार. दाताला काय होतं ते मला माहीत आहे. क्लारनेटला काय लागतं ते तुम्हाला."

*

परतीच्या एस.टी.त त्यानं पहिल्यांदा जीभ दातांवरून सावकाश फिरवली. धार लागली.

*

तो हंगाम जवळजवळ संपलाच होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यानं कोळसा सोडला, काडी सोडली. भागीरथानं अंबाडीची भाजी करणं सोडलं. त्यानं सांगितलं नव्हतं, तिनं आपल्या मनानं सोडलं.

पंच्याऐंशीच्या चैत्रात लग्नाच्या पहिल्या सुपारीच्या दिवशी चौकातलं सरबत आलं आणि लटारूनं हात जोडले.

"साधं पानी द्या बाई."

"अगं माय, मास्तर रुसले का? साखर कमी पडली का?"

"साखर बराबर आहे. पानी द्या."

यजमानीणबाईचा चेहरा उतरला. आपल्या घरी मास्तरनं सरबत नाकारलं, ही गोष्ट ती वर्षभर सांगणार होती. गुणवंतराव मधे पडले, गिलास स्वतः घेतला, "मास्तरचं व्रत आहे" अशी थाप मारली.

साध्या पाण्यानं तोंड ओलं होतं आणि तिसऱ्या कडव्याला वाळवंट. लटारूनं गालात चिंचोका धरून पाहिला, ज्वारीचे दाणे धरून पाहिले, नदीतला गुळगुळीत खडा धरून पाहिला. खडा वाजवताना दाताला लागला तेव्हा रस्त्यावर त्याला खाली बसावं लागलं. सूर येत होता पण सुकलेला येत होता, भोकातून वारा जावा तसा. वराती नाचेनात. एका ठिकाणी नवरदेवाचा मामा सरळ म्हणाला, "मालक, तुमचा मास्तर म्हातारा झाला का?"

गुणवंतराव रात्री नाही, भांडण होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी आले. चहा घेतला. छडी सोबत आणली नव्हती.

"लटारूभाऊ, मी काय म्हनतो. डॉक्टरीनीचं बराबर असंल. पन ती आपल्या वरातीत आली होती का?"

"नाई आली."

"चार महिने हंगाम. आठ महिने दाताले आराम. हंगामापुरता घे ना बापा निंबू. मंग वर्षभर नको घेऊ."

"दाताले महिना समजत नाई, गुणवंतभाऊ."

"अन् लोकाले दात समजत नाई."

हे खरंच होतं. लटारूनं पुढच्या लग्नात गिलास घेतला. एकच घोट, धरायचा नाही, सरळ गिळायचा, वरून पाण्याची चूळ. त्याच्या पुढच्या लग्नात दोन घोट. त्याच्याही पुढच्या लग्नात ऊन असं होतं की त्यानं घोट धरला, गालातून गालात फिरवला, जिभेखाली झरा फुटला, आणि तो चढणारा सूर असा लागला की छतावरच्या बायका कठड्याशी आल्या. वाजवणाऱ्यानं अशा वेळी काय करावं? दात उद्याचा असतो. सूर आत्ताचा.

*

माजरी. कोळशाच्या खाणीतल्या एका ओव्हरमनच्या मुलीचं लग्न. वसाहतीतल्या रस्त्यावर काळी धूळ, झाडांच्या पानांवर काळी धूळ, सोड्याच्या बर्फावर काळी धूळ. वरात मंडपापासून हाकेच्या अंतरावर आलेली. नवरदेव घोड्यावर, मित्र नाचण्यात बेभान.

टक्.

आवाज फक्त लटारूला ऐकू आला, कारण तो त्याच्या डोक्याच्या आत झाला. उजव्या बाजूचा समोरचा दात आडवा तुटला. तुकडा जिभेवर आला. वारा उघड्या नसेवर लागला तसे त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाणं अर्ध्यावर होतं.

अशा वेळी थांबता येत नाही. मंडपाच्या तोंडाशी बँड थांबला तर तो नवरीकडच्यांना अपशकुन वाटतो. भांडणं होतात, डोकी फुटतात. लटारूनं तुकडा जिभेनं गालात लोटला, मुखपट्टी डाव्या बाजूला सरकवली, उरलेल्या तीन दातांवर वाद्य पेललं आणि गाणं मंडपापर्यंत नेलं. उंच जागा आली तेव्हा त्यानं चैतूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. चैतूनं उंच जागा घेतली. लटारू खाली राहिला.

नवरदेव उतरला. लटारूनं तुकडा तळहातावर थुंकला. तांदळाच्या कणीएवढा असेल. पाठीमागून पिवळा, पुढून निळसर.

"काय झालं, मास्तर?" चैतूनं विचारलं.

"काई नाई. खडा लागला जेवनात."

"आपन तं जेवलोच नाई अजून."

लटारूनं तुकडा कोटाच्या खिशात टाकला. "मंग आता जेवू," तो म्हणाला.

*

पावसाळ्यात चारही काढावे लागले. डॉक्टरीणबाईंनी खोट्या दातांची, तारेची गुलाबी प्लेट बसवून दिली. हसायला छान. भाकरीला ठीक. क्लारनेट तोंडात धरलं की प्लेट उचकटायची आणि मुखपट्टीसकट बाहेर यायची. लटारूनं भाद्रपदभर घराच्या मागे, कडुलिंबाखाली, प्रयत्न केले. प्लेट काढून नुसत्या हिरडीवर वरचा ओठ दुमडून वाजवून पाहिलं. सूर निघायचा, पण दोन गाण्यांत ओठातून रक्त यायचं. शेजारच्या कोंबड्या पळून जायच्या.

"कोंबड्या समजदार आहेत," तो भागीरथाला म्हणाला. ती हसली नाही.

दिवाळीनंतर त्यानं क्लारनेट पेटीत ठेवलं आणि पेटी चैतूच्या घरी नेऊन दिली. वाद्य बँडचं होतं, मालकीचा प्रश्न नव्हता. चैतूनं पेटी उघडली, मुखपट्टीवरचा ट्यूबचा तुकडा सोलून काढला. खाली कठीण काळ्या रबरावर दोन खड्डे पडलेले होते, दातांच्या आकाराचे.

"मास्तर, माझे दात यात नाई बसत."

"मंग तुझे खड्डे पाड," लटारू म्हणाला. "मले पंचवीस वर्षं लागले." मग जरा थांबून, "अन् आयक. निंबू घेशील तं गिळ. चूळ भर. अन् तासभर काडी नको लावू. हे मी तुले शिकवून राह्यलो, बाकी तुले सगळं येते."

चैतूनं मान डोलवली. नंतरच्या हंगामात त्यानं ते पाळलं की नाही, हे लटारूनं कधी विचारलं नाही.

*

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. ते मनापासून आले होते, आणि या वेळी हातात छडी नव्हती आणि मनात हिशेबही नव्हता.

"लटारूभाऊ, तुले घरी बसू देनार नाई मी. आता नवीन फॅशन निघाली आहे. मोठ्या लग्नात मंडपाच्या दाराशी सनई मांगतात लोक. पाहुने येत असताना मंद मंद. सनईले दात लागत नाई, मी विचारलं. नुसत्या ओठाचं काम. अन् तुझे बोटं तं कुठी गेले नाई. चालनं नाई, ऊन नाई. सतरंजी टाकून सावलीत बसायचं. वाजव तू."

भागीरथा चुलीपाशी होती. तिचे हात थांबले.

"सनई आमच्या घरी नाई वाजवत, भाऊ," लटारू म्हणाला.

"अरे, तुझ्या बापाइतका सनईवाला या पट्ट्यात—"

"म्हनूनच."

 गुणवंतरावांना माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. लटारूचा बाप रामाजी आणि रामाजीचा बाप गावाच्या लग्नांत सनई वाजवायचे. मंडपात नाही, मंडपाबाहेर, पोत्यावर बसून. कोणी सांगितलं की वाजवायचं, कोणी हात केला की थांबायचं. सगळ्या पंगती उठल्या की उरलेलं त्यांच्या पदरात. बोलावणं यायचं ते बोलावणं नसायचं, हुकूम असायचा. छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा झाली. रामाजी पायी गेला आणि पायी आला. आल्यावर त्यानं सनई कधी ओठाला लावली नाही.

पुढे लटारू बँडात जातो म्हणाला तेव्हा रामाजीनं त्याला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. "बसून वाजवतेत का उभ्यानं?" आणि "जेवाले कुठी बसवतेत?" उभ्यानं, बूट घालून, आणि जेवायला पंगतीत, हे ऐकल्यावर त्यानं पोराला जाऊ दिलं.

गुणवंतराव गेल्यावर भागीरथा म्हणाली, "वाजवा ना. तो जमाना नाई राह्यला आता. तुमाले कोनी पोत्यावर बसवनार नाई. सतरंजी म्हनते तो."

"सतरंजी."

"कोनाले आठवते आता ते?"

"मले आठवते ना."

 भाताचं आधण उतू चाललं होतं, तिनं झाकण सरकवलं. मग म्हणाली, "तुमाले वाजवल्याबिगर जमनार नाई. मी वीस वर्षं झोपेत तुमचे बोटं हालताना पाह्यले आहेत."

"तेई खरं आहे," लटारू म्हणाला.

*

शहाऐंशीच्या वैशाखात प्रभात बँड पार्टी सावलीच्या बाजारातून निघाली तेव्हा पहिल्या ओळीत मधोमध चैतू होता. त्याच्या मागे पिपाण्या, त्यांच्या मागे ढोल, आणि सगळ्यात मागे, शेवटच्या ओळीच्या टोकाला, लटारू. हातात झांजा. झांजांना तोंड लागत नाही. ढोलाची थाप पडली की दोन तबकड्या एकमेकींवर आणायच्या आणि वेळेवर छातीशी धरून गप्प करायच्या. दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण.

कोट तोच होता, फक्त खांद्यावरची मास्तरची पिवळी फीत भागीरथानं उसवून चैतूच्या कोटाला शिवली होती. जिथून ती काढली तिथलं कापड बाकीच्या कोटापेक्षा जास्त लाल राहिलं होतं.

चैतू उंच जागेवर चढला. जरा घाईनं चढला. लटारूनं झांज अर्ध्या श्वासानं उशिरा आणली, ती ऐकून ढोलवाल्यानंही पुढची थाप लांबवली, आणि चैतूला वर टांगून राहायला वेळ मिळाला. गुणवंतरावांनी वळून मागे पाहिलं. छडी पुन्हा चालायला लागली.

मंडपाच्या दाराशी वरात थांबली. यजमानाचा एक पाहुणा, नव्या पद्धतीचा, चंद्रपूरहून आलेला, शेवटच्या ओळीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे आला. दाराशेजारी सावलीत सतरंजी अंथरलेली होती.

"बाबा, तुम्ही बसा इथी. थकले असान."

"नाई जी," लटारू म्हणाला. प्लेटमुळे त्याचा उच्चार थोडा जाड येत होता. "उभाच बरा आहो."

त्यानं झांजा छातीशी धरल्या आणि चैतूच्या खुणेची वाट पाहू लागला.

सत्तावन सालच्या मे महिन्यात मालगुजाराच्या घरचं बोलावणं आलं आणि रामाजीनं आपल्या मनानं सनई वाजवायला नाही म्हटलं, तेव्हा त्याचे बत्तीसही दात शाबूत होते.